तिसरी थाप

"तुझ्या बाटलीनं काय सांगितलं ते आधी बोल. कॉफी मग," साल्वोर म्हणाली.

ह्यालमारनं बर्फानं भिजलेले बूट दाराशी काढले. उन्हाळ्यात या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यानं तिच्या शेतावरच्या गरम झऱ्याचं पाणी रेक्याविकला तपासायला नेलं होतं. निकाल सांगायला पोरगा वाट वाकडी करून आला होता.

"अहो, घर आहे की बर्फाची खोली? भिंतीला नवा रेडिएटर, आणि तुम्ही अंगात दोन-दोन स्वेटर चढवून बसलाय? वरचा तर पुरुषी मापाचा!"

"तो ओद्दुरचा. आणि तो रेडिएटर ठोठावतो. दोनदाच."

ह्यालमार हसायला गेला, पण हसू फुटलं नाही. आमच्या आइसलँडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की अंधार पडल्यावर भला माणूस दारावर तीन थापा मारतो. दोनवर थांबला तर दार उघडू नये. तो जिवंत नसतो.

साल्वोरच्या भाच्यानं, बौर्दुरनं, झऱ्यापासून घरापर्यंत नळी ओढून दिली होती आणि जुनी शेगडी काढून नेली होती. "मावशी, नळीत हवा अडकते. भूत कसलं डोंबलाचं!" नाताळपर्यंत रेडिएटरची चावी फिरवली नाहीस तर मुकाट्यानं शहरातल्या वृद्धाश्रमात चल, असं बजावून गेला होता. त्याचंही काय चुकलं? परवा तिच्या उशाशी पेल्यातलं पाणी गोठलं होतं. पण साल्वोरला घर सोडवत नव्हतं आणि चावी फिरवायचा धीरही होत नव्हता. तिचा जुळा भाऊ ओद्दुर एकोणिसाव्या वर्षी मेंढ्या उतरवायला हिमनदीवर गेला, तो गेलाच. मातीसुद्धा हाती लागली नाही.

"पाणी कुठलं ते सांग," ती म्हणाली.

"ते त्वीव्हेत्नीवरून कळतं. हायड्रोजनचा जड भाऊ समजा. जग त्याला ड्यूटेरियम म्हणतं."

"जगाचं जग जाणे. आपला शब्द चांगला आहे. त्वी म्हणजे दुहेरी. मला जुळ्यांतलं कळतं."

"ड्यूटेरियमही तेच. ग्रीकमध्ये दुसरा."

"दुसरी मी. ओद्दुर आधी आला, पिसासारखा हलका. मी मागून, धोंड्यासारखी. सुईण म्हणाली, या पोरीनं भावाचं सगळं खाल्लं."

ह्यालमार चाचरत बोलू लागला. "ढग समुद्राकडून येतात. जड तेवढं आधी पडतं, खाली किनाऱ्याकडं. हलकं तेवढं वर पोचतं. तुमच्या झऱ्यात जड फारच कमी आहे. म्हणजे हे पाणी वरचं. हिमनदीवरचं."

 कॉफी ओतून साल्वोरनं ओठांत धरलेला साखरेचा खडा तसाच राहिला.

"पण साल्वोर, ते पडलं तेव्हा या बेटावर माणूसच नव्हता. तुमच्या भावाशी त्याचा…"

"मी विचारलं का?" ती म्हणाली. "जड ते खाली राहिलं, हलकं ते वर गेलं. एवढं पुरे. कॉफी घे, निवतेय."

चारलाच काळोख झाला. ह्यालमारची गाडी वळणाआड गेली आणि घर पुन्हा एकटं झालं. साल्वोर रेडिएटरसमोर खुर्ची ओढून बसली. तिला भीती वाटत होती.

ठक. ठक.

ती रोजच्यासारखी थांबली. तिसरी आली नाही.

"ओद्दुर, मेल्या, एक काम कधी पुरं केलं नाहीस," ती म्हणाली. "वाळत घातलेलं गवत अर्धं, मोजे अर्धे. थापासुद्धा मीच पुऱ्या करायच्या का?"

तिनं मूठ वळली आणि बोटांच्या पेरांनी त्या गार लोखंडावर तिसरी थाप मारली.

"ये," म्हणाली, आणि चावी फिरवली.

नळीत खळखळ झाली. पाणी आत आलं. लोखंड हळूहळू कोमट झालं, मग गरम. खिडकीच्या काचेवरचं बर्फ ओघळू लागलं. साल्वोरनं वरचा स्वेटर उतरवला, झटकला, आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला.