कितवा गिअर?

आमच्या ह्यांनी आख्खी नोकरी स्कूटरवर काढली. स्कूटरचे गिअर हातात आणि मुठीवर आकडे लिहिलेले. बघायचं आणि टाकायचं, डोक्याला ताप नाही. मग आमचा केदार कंपनीतर्फे अमेरिकेला गेला आणि त्याची मोटारसायकल सोसायटीत कव्हर घालून उभी राहिली. ह्यांनी लगेच स्कूटर विकली. का, तर पोराची गाडी उभ्या उभ्या खराब होईल म्हणे!

मोटारसायकलचे गिअर पायात. पहिला खाली दाबायचा, बाकीचे वर उचलायचे, पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल. आकडे कुठेच नाहीत. न्यूट्रलचा हिरवा दिवा तेवढा होता, तोही केदार असतानाच गेला होता. त्यामुळे कितवा गिअर पडलाय हे ह्यांना कधी कळायचंच नाही. मला कळायचं. गिअर पडला की मागच्या माणसाला बारीक हिसका बसतो, आणि मी एका बाजूला पाय सोडून बसते तेव्हा ह्यांचा डावा पाय माझ्या नजरेसमोर असतो. मग मी मागून सांगायची, "दुसरा. तिसरा. अहो, खाली घ्या, सिग्नल आला." कोथरूडभर आमचं हे असं चाललेलं असायचं.

रविवारी केदारचा फोन आला. "बाबा, माझं इथलं लांबलंय. गाडी विकून टाका." हे म्हणाले, मुळीच नाही. मी रिसीव्हर ओढून घेतला आणि म्हटलं, "विकायलाच लाव रे बाबा ती. ह्यांना गिअर जमत नाहीत. मी मागे नसले ना, तर कुठेतरी आपटतील." झालं! मुलासमोर बोलले म्हणून ह्यांचा चेहरा असा काही उतरला.

"उद्यापासून माझ्या मागे बसून पाढे म्हणायचे नाहीत," हे म्हणाले.

"पाढेच काय, मी तोंडच उघडणार नाही," मी म्हटलं.

आमच्या घरात अबोला म्हणजे काय विचारू नका. 'चहा झालाय' हेसुद्धा भिंतीला सांगायचं. जो आधी बोलेल तो हरला.

त्यात दिरांची भूगावला वास्तुशांत आली. न जाऊन सांगते कोणाला? गेलो, जेवलो, चारचौघांत हसून बोललो आणि दुपारी परत निघालो. गाडीवर बसल्याबरोबर दोघांची तोंडं बंद. पण मन काय ऐकतं? हिसका बसला की आतल्या आत आकडा म्हटलाच जायचा.

चांदणी चौकात गर्दीमुळे थांबलो. पुढे पौड रस्त्याचा उतार. ह्यांनी पहिला टाकला, हिसका बसला. मग पायानं वर उचललं, आणि हिसका बसलाच नाही. गाडी उताराला लागली, वेग वाढायला लागला. ह्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला तर इंजिन नुसतंच किंचाळलं. दुसरा पडलाच नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटली होती, आणि खाली पीएमटीची बस थांब्यावर उभी होती.

हे गडबडले. ह्यांना वाटलं वरचा गिअर पडलाय, खाली घ्यायला हवा. डावा पाय गिअरच्या दांड्यावर आला. एवढ्या वेगात पहिला पडला तर मागचं चाक जागच्या जागी अडकणार, आणि आम्ही दोघं रस्त्यावर!

"अहो, न्यूट्रल आहे! पाय काढा! नुसता ब्रेक, हळू, हळू दाबा!"

पाय निघाला. ब्रेक करकरले, मी ह्यांच्या कमरेला मिठी मारली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा बसचा मागचा पत्रा वीतभर लांब होता.

मागच्या दारातून कंडक्टर वाकला. "काय आजोबा, चढायचंय? दार इकडे आहे."

बस गेली. हे पायानं ढकलत गाडी कडेला घेऊन आले. मी ह्यांच्या पाठीला कपाळ टेकलं आणि भर रस्त्यात रडले. लाजबीज काही वाटली नाही. वाचलो गं बाई, एवढंच म्हणत होते.

हे म्हणाले, "आधी तू बोललीस."

"मग काय, मुकाट्यानं मरू?"

ह्यांना हसू फुटलं, मलाही. रडता रडता हसत होते, जाणारी-येणारी माणसं बघत होती. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग ह्यांनी क्लच दाबला आणि पायानं गिअर टाकला. बारीक हिसका बसला. पण हे क्लच काही सोडेनात.

"निघायचं ना?" मी विचारलं.

ह्यांनी मान थोडी मागे वळवली.

"कितवा?"

"पहिला," मी म्हटलं. "सोडा आता."