जमिनीवरचं काम

“आई! पडलीस? कशी पडलीस? थांब, हलू नकोस!”

दुकानाचं शटर अर्धवट वर ढकलून मुलगा वाकून आत आला होता, तो तसाच धावला.

“पडले नाही रे, बसलेय,” मावशी फरशीवरून म्हणाल्या. “आणि हलायला मला तुझी परवानगी कशाला हवी?”

मुलाच्या मागोमाग एक घड्याळवाले आत आले होते. भाड्याने घ्यायची जागा बघायला यावं, आणि जागेच्या मधोमध मालकीणच मांडी घालून गादी शिवताना दिसावी, म्हणजे माणसाने करावं तरी काय? ते बिचारे छताकडे बघू लागले.

जुने सोफे, खुर्च्या, गाद्या नव्याने भरून देण्याचं हे दुकान मावशींचं. सख्खी भाची त्यांना एकही नव्हती, पण सगळा मोहल्ला त्यांना मावशीच म्हणे. हे काम टेबलावर होत नाही. सोफ्याचा सांगाडा उलटा करायचा, गादी पायाने दाबून धरायची, दाभण अंगठ्याने रेटायचं, ते सगळं फरशीवर. मावशींचं उभं आयुष्य असं बसूनच गेलं, असं त्या स्वतःच हसून सांगत.

मग त्या न्हाणीघरात घसरल्या. हाडं शाबूत राहिली, पण उठता येईना. मुलगा कामावरून परत येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून होत्या. हाका मारून मारून आवाज बसला होता. तो दिवस मुलगा विसरला नाही. त्याने आईला उंच खुर्ची आणली, उंच पलंग आणला, तिच्या पायात चपलासुद्धा तोच घालू लागला. चहा फुंकूनही तोच द्यायचा. पिण्याचं काम तेवढं तिच्याकडे ठेवलं होतं, हे उपकारच म्हणायचे. आणि जमिनीवर बसायचं नाही, असा हुकूम सुटला. म्हणजे दुकान बंद. मावशींना वाटलं, पडले तेव्हा मेले नाही, पण आता हा माझा लाडका मला जपून जपून मारणार.

दवाखान्यातून व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. तुसडं बोलणं नाही, लाडीगोडी नाही. मावशींनी तिचं नाव कवायतवाली ठेवलं.

“आजी, पडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील,” ती म्हणाली. “मी तुम्हाला उठायचं शिकवते. आधी कुशीवर वळा. मग कोपरावर. मग रांगा.”

“या वयात रांगू?”

“लाज वाटते?”

“लाज कसली गं? गुडघे आड येतात.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी पलंगावर बसूनच गुडघ्यांखाली घ्यायला स्पंजाची जाड उशी शिवली. मग सुरू झालं. रांगत जायचं, काहीतरी भक्कम गाठायचं, एक पाऊल रोवायचं, रेटा द्यायचा. सुरुवातीला नुसतं धापा टाकणंच व्हायचं. “आज नाही जमलं तर उद्या,” कवायतवाली म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी खरंच हजर असायची.

मुलाने शब्द दिला होता, “आपली आपण उठलीस, तर दुकान तुझं.” मागच्या महिन्यात परीक्षाही झाली. मावशींनी एक पाऊल रोवलं, दात आवळले, आणि तेवढ्यात मुलाने त्यांना काखेत हात घालून उचललं!

“बघ, नाही जमलं ना?” घाम पुसत तो म्हणाला.

“अरे, माझा पेपर लिहिणाराही तूच आणि मला नापास करणाराही तूच?”

तो हसला नाही. त्याने घड्याळवाले ठरवून टाकले.

आणि आज ते आले होते. मावशी घराकडच्या दाराने दुकानात शिरून, उलट्या सोफ्याला धरून हळूच खाली बसल्या होत्या.

“आता उठते,” त्या म्हणाल्या. “तू हात खिशात घाल.”

“आई, परक्या माणसासमोर तमाशा कशाला?”

“दोन्ही हात.”

त्याने घातले.

मावशी कुशीवर वळल्या. कोपरावर आल्या. मग रांगत सोफ्याच्या सांगाड्यापाशी गेल्या. लाकूड घट्ट धरलं, एक पाऊल रोवलं, रेटा दिला आणि गुडघा लटपटला. त्या पुन्हा खाली आल्या. कपाळ सांगाड्याला टेकवून दम खात राहिल्या. आता मावशींनाही भीती वाटली. आज राहिलं, तर राहिलंच.

“अहो, हात द्या ना त्यांना!” घड्याळवाले न राहवून पुढे सरसावले.

“थांबा!” मुलगा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. “हात लावू नका. ती उठतेय.”

मावशींनी ते ऐकलं. ‘पडेल’ नव्हे, ‘उठतेय’ म्हणाला पोरगा! त्यांच्या अंगात कुठूनसं बळ आलं. त्यांनी पाऊल पुन्हा रोवलं, “चल गं बये” असं स्वतःलाच दटावलं आणि रेटा दिला. पाठ वर आली, दुसरा पाय सरळ झाला, हात लाकडावरून सुटले. मावशी ताठ उभ्या राहिल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“कोणी उठवलं रे?” त्यांनी विचारलं.

“तूच,” मुलगा म्हणाला. तो रडत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

घड्याळवाल्यांनी घसा साफ केला. “मग जागेचं कसं करायचं?”

“जागा रिकामी नाही हो,” मावशी म्हणाल्या. “पण घरच्या सोफ्याच्या गाद्या बसल्या असतील, तर पाठवून द्या. चांगल्या फुगवून देईन.”

मुलाने शटर पार वरपर्यंत सरकवलं. उजेड थेट आतल्या भिंतीपर्यंत गेला. मावशींनी कपडे झटकले, इकडेतिकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“दाभण खालीच राहिलं की!”

मुलगा उचलायला वाकलाच होता. मग तो थांबला, सरळ झाला, आणि त्याने हात परत खिशात घातले.

सांगाड्याला धरून मावशी सावकाश खाली बसल्या. गादी पायाखाली दाबली, दाभणात दोरा ओवला आणि अर्धा राहिलेला टाका पुरा केला.