रघू नाचणकरांचं पेडल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरचं इंजिन बिघडलं की केरू भाटकरला बोलावणं जातं. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरतात, पण इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाशी धरली की कुठला सिलिंडर दुखतोय ते तो अजून अचूक सांगतो. बंदरातल्या लोकांना त्याच्याबद्दल एवढंच माहीत आहे. हाच केरू मिस्त्री एकेचाळीस वर्षं एका रॉक बँडच्या मागे हिंडतोय, हे फार थोड्यांना ठाऊक, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते खरं वाटत नाही.

बँडचं नाव फेरी वार्फ. मुंबईचे तिघे. एल्विन गिटार वाजवतो आणि गातो, सुजय की-बोर्डवर असतो आणि ड्रमवर रघू नाचणकर. भाऊच्या धक्क्याजवळच्या एका गोदामात तालीम करायचे म्हणून धक्क्याचं हे इंग्रजी नाव पडलं. त्यांचं एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं. ताल कुठे बदलेल याचा नेम नाही. सात मात्रांत चाललेलं गाणं बघता बघता अकरात शिरतं. त्यावर नाचायची सोय नाही, लग्नात लावायची तर नाहीच. त्यामुळे नाव घरोघरी कधी गेलं नाही. पण ज्याला ते संगीत एकदा लागलं, त्याचं ते सुटलं नाही.

केरूला ते १९८३ साली लागलं. तो तेव्हा माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करत होता आणि त्याचा शाळासोबती विनीत सुर्वे मुंबईतच गणित घेऊन बी.एस्सी. करत होता. विनीतने त्याला कॉलेजच्या कार्यक्रमाला ओढून नेलं. केरूला इंग्रजी गाण्यातलं अक्षर कळलं नाही. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त ड्रमवाल्याकडे बघितलं. एक सिलिंडर मारत नसलेलं इंजिन चालतं तसा तो ताल लंगडत होता. आता बंद पडेल, मग पडेल असं वाटत होतं, आणि दर वेळी तो बरोबर जागेवर येऊन उभा राहत होता.

"हा माणूस मुद्दाम लंगडतोय," बाहेर आल्यावर केरू म्हणाला.

"अकरा मात्रा आहेत, गाढवा," विनीत म्हणाला. "मोजल्या मी."

तेव्हापासून दोघांचं तेच चालू आहे. एक मोजतो, एक बघतो. पुढे दोघंही रत्नागिरीला परतले. विनीत हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाला, केरूने बंदरात वर्कशॉप टाकलं. कार्यक्रम लागला की रातराणीने मुंबई, पुणे, पणजी, कोल्हापूर, जिथे असेल तिथे जायचं. चौतीस कार्यक्रम त्यांनी असे बघितले. कॅसेट होत्या, पुढे सीडी आल्या, आता सगळं मोबाइलवर आहे. पण समोर बसून ऐकण्याची गोष्ट वेगळी, यावर दोघांचं एकमत. तेच गाणं तिघांनी दोनदा सारखं वाजवलंय असं कधी झालं नाही. पुण्याला एकदा ऐन मध्यावर सुजयचा की-बोर्ड बंद पडला, तर एल्विन आणि रघूने त्याची सगळी जागा मोकळी सोडून गाणं पुढे नेलं, आणि ती मोकळी जागाही ऐकू येत होती. विनीत हा किस्सा अजून सांगतो. स्टेजवर उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. तिघं येणार, वाजवणार, वाकून नमस्कार करणार आणि जाणार.

गेल्या वर्षी विनीतला कळलं की बँड डिसेंबरात गोव्याला गाडीने जाणार आहे. त्याने थेट एल्विनला ईमेल टाकली. 'आम्ही दोघं चौतीस वेळा तुमच्याकडे आलो. तुम्ही रत्नागिरीच्या हातखंबा फाट्यावरून जाणारच आहात, तर एकदा आमच्याकडे या.' आठ दिवस काही नाही, आणि नवव्या दिवशी उत्तर आलं: येतो.

मग धावपळ. नाट्यगृह मिळवलं, आवाजाची यंत्रणा कोल्हापूरहून मागवली. जयगडच्या पोर्टवरचे इंजिनीअर, कॉलेजची मुलं, विनीतचे जुने विद्यार्थी असे दीडशेवर लोक येणार हे नक्की झालं. केरूच्या बायकोने, सावित्रीने, या प्रकाराला आयुष्यभर 'तुमचं ठणठण' म्हटलं होतं. तीही म्हणाली, "एवढे गावात येतायत तर बघते एकदा."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एकला तिघं स्टेजवर वाद्यं लावून बघत होते. केरू आणि विनीत पहिल्या रांगेत मुकाट बसले होते. एल्विन बाहत्तर वर्षांचा, सुजय सत्तरचा, रघू त्यांच्यामधला. रघूने पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर चार ठोके दिले आणि पाचव्याला कडक आवाज झाला. ते खाली वाकले. ड्रमचं पेडल टाचेकडच्या बिजागरीपाशी तुटलं होतं. पट्टीचे दोन तुकडे आणि पिन वाकलेली.

"दुसरं आहे?" एल्विनने विचारलं.

"दुसरं मागच्या महिन्यात गेलं. नवीन गोव्यात मिळणार होतं," रघू म्हणाले.

रत्नागिरीत असलं पेडल विकणारं दुकान नाही. विनीतने बँजो पार्टीवाल्यांना फोन लावले. त्यांच्याकडे गळ्यात अडकवायचे ड्रम. केरू तोवर स्टेजवर चढून तुकडे हातात घेऊन बघत होता.

"चार तास द्या," तो म्हणाला. "मी बोटींची इंजिनं करतो. हे त्याच्यापेक्षा अवघड नाय."

रघूने त्याच्याकडे नीट बघितलं. "मी येतो बरोबर. पायाला कसं लागतं ते मलाच सांगता येईल."

विनीतला नाट्यगृहावर थांबणं भाग होतं. केरूने स्कूटर काढली आणि रघू नाचणकर मागे बसले. ज्या माणसाला आपण एकेचाळीस वर्षं लांबून बघितलं तो आपल्या स्कूटरवर आहे, याचं केरूला काय वाटलं ते त्याला पुढे कुणी विचारलं तर तो म्हणतो, "खड्डे चुकवत होतो." पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. रघूने फक्त उजव्या हाताने त्याचा खांदा धरला होता. वळणावरसुद्धा डावा हात मांडीवरच होता.

वर्कशॉपमध्ये केरूने पेडल खोललं. मूळ पट्टी हलक्या धातूची होती, तिला जोड टिकणार नव्हता. त्याने स्टेनलेसची जाड पट्टी कापायला घेतली आणि पिन लेथवर कातून नवी करायचं ठरवलं. काम करता करता त्याची नजर जुन्या पिनवर पुन्हा पुन्हा जात होती. ती वाकायच्या आधी चांगलीच झिजली होती. पेडल तर फार जुनं दिसत नव्हतं.

"किती वर्षांचं आहे हे?"

"आठ महिने झाले."

केरू थांबला. "आठ महिन्यांत एवढी झीज? याच्यावर पायाचा दुप्पट लोड येतोय."

केरूने पट्टी पुढे केली. "जरा ही बाजू धरा, खूण करतो." रघूने सवयीने डावा हात पुढे केला. पट्टी बोटांतून सटकून फरशीवर आपटली.

मग केरूने ती उचलली, व्हाइसच्या जबड्यात पकडली आणि खूण केली. स्टोव्हवर चहा ठेवला. रघूने कप उजव्या हाताने घेतला.

"मार्चमध्ये झटका आला होता," ते म्हणाले. "हलका. चालणं, बोलणं सगळं आलं परत. डाव्या हाताची ही दोन बोटं आली नाहीत. काठी धरता येते, ठोका मारता येतो, पण बारीक काम होत नाही."

"म्हणून ते पायावर घेतलंत."

"जेवढं जमेल तेवढं. सहा महिने घरात तेच करतोय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "एल्विन आणि सुजयला माहीत आहे. बाकी कुणाला नाही. केरूभाऊ, लोकांनी तिकीट काढून यायचं आणि दया करत ऐकायचं, हे मला नको आहे. तुमच्या मित्रालाही सांगू नका."

"नाय सांगत," केरू म्हणाला.

त्याने पिन मापापेक्षा जराशी जाड केली आणि झीज होऊ नये म्हणून बिजागरीला पितळी बुश बसवला. साडेचारला रघूने पेडल जमिनीवर ठेवून पाय चालवला. "टाच थोडी उंच वाटते." केरूने तिथे दोन मिलिमीटर घासले. पुन्हा पाय ठेवल्यावर रघूने नुसती मान हलवली. असली मान केरूने स्टेजवर फक्त सुजयसाठी हललेली बघितली होती.

साडेसहाला पडदा उघडला. सभागृह तीन चतुर्थांश भरलं होतं. केरूच्या एका बाजूला सावित्री, दुसऱ्या बाजूला मांडीवर मात्रा आणि वेळा टिपायची वही घेतलेला विनीत.

पहिलं गाणं सुरू झालं आणि केरूच्या ध्यानात आलं की आपल्याला गाणं ऐकूच येत नाहीये. त्याला फक्त पिन ऐकू येत होती. प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता जाते. आपल्या गावात हे तिघं वाजवतायत, हा दिवस परत येणार नाही, आणि आपण मात्र बोटीच्या ट्रायलला बसल्यासारखे ताठ बसलोय.

दुसऱ्या गाण्यात विनीत त्याच्या कानाशी लागला. "डावा हात बघ रे याचा. मधले बारीक ठोके कुठे गेले?"

केरूने पेडलवरची नजर हलवली नाही.

तिसऱ्या गाण्यात विनीतचा आवाज चढला. "टाळतोय तो! छोट्या गावात कोणाला कळतंय असं वाटलं काय याला? आपण ह्यासाठी बोलावलं?"

"ऐक ना गप," केरू म्हणाला. त्याचे कान तापले होते. खरं सांगितलं असतं तर विनीत त्या क्षणी विरघळला असता. पण ती दयाच झाली असती. केरूने दात आवळून घेतले.

मग एल्विनने 'पायलट बोट' सुरू केलं. तेवीस मिनिटांचं गाणं. ८३ सालच्या संध्याकाळी केरूने ऐकलेलं पहिलं. गिटार एकटीच बराच वेळ चालते, मग की-बोर्ड खालून येतो आणि शेवटी ड्रम अकरा मात्रांत शिरतो. या शिरण्याच्या जागी डाव्या हाताचे दाट, कुजबुजल्यासारखे ठोके असतात. तिथे आज हात नव्हता. तिथे पाय आला. तेच ठोके, पण जड आणि खोल, छातीच्या पिंजऱ्यात वाजावेत तसे. सुजयने ते ओळखून खालचे सूर काढून घेतले आणि पायाला वाट करून दिली. एल्विन एरवी रघूकडे पाठ करून उभा राहायचा. आज तो वळून त्यांच्याकडे बघत वाजवत होता. गाणं ओळखीचं होतं आणि पूर्ण नवं होतं. कधीतरी मध्येच केरू पिन विसरला. विनीतचं पेन थांबलं होतं.

गाणं संपलं. सगळं सभागृह उठलं. सावित्रीही उठली. "पेटीवाला चांगला आहे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "ड्रमवाला दमला असेल हो."

कार्यक्रम संपल्यावर दोघं आत गेले. रघू खुर्चीत बसले होते, शर्ट घामाने चिकटलेला, उजवा पाय स्टुलावर. विनीत सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुमचा डावा हात कधीपासून असा आहे?"

रघूने केरूकडे बघितलं.

"मी बोललो नाय," केरू म्हणाला.

"हा काय बोलणार? तीन तास दातखीळ बसल्यासारखा होता," विनीत म्हणाला. "मी मोजत होतो. आळशी माणूस ठोके गाळतो. तुम्ही 'पायलट बोट'मध्ये एकही गाळला नाही, सगळे पायावर नेलेत. आळशी माणूस एवढी मेहनत कशाला करेल? म्हणजे हात चालत नसणार."

एल्विन हसायला लागला. "मुंबईत दोन कार्यक्रम झाले, एकालाही कळलं नाही."

रघू मात्र हसले नाहीत. त्यांनी विनीतला विचारलं, "मग? कीव आली?"

"कीव कसली! पहिली तीन गाणी मी तुम्हाला शिव्या देत ऐकली. ह्याला विचारा."

केरूने मान डोलावली. "वाईट वाईट शिव्या दिल्या."

तेव्हा रघू हसले. एवढे की खोकला आला आणि सुजयने त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी विनीतची वही मागून घेतली, आजचं पान काढून वाचलं आणि म्हणाले, "चौथ्या गाण्याची वेळ चुकवली आहेत. आम्ही पाच मिनिटं जास्त वाजवलं." विनीतने तिथेच दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गोव्याला निघाले. जाताना रघूने केरूकडून पिनचं माप लिहून घेतलं. गोव्यात नवीन पेडल मिळालं, तरी ते त्यांनी डब्यातच ठेवल्याचा निरोप एल्विनने धाडला.

फेब्रुवारीत कोल्हापूरला कार्यक्रम लागला. आंबा घाटातून जाताना विनीत आणि केरू भांडत होते. विनीतच्या मते रत्नागिरीचा कार्यक्रम आजवरचा सर्वात चांगला, केरूचं म्हणणं की ते आपल्याला सांगता येणार नाही, कारण आपण तो अर्धाच ऐकला. कोल्हापूरला रघूने 'पायलट बोट' पुन्हा बदललं होतं. अकरा मात्रांत शिरायची ती जागा त्यांनी या वेळी एल्विनला देऊन टाकली होती आणि स्वतः फक्त झांजेवर काठी घासत होते. विनीत झरझर लिहीत होता. केरूने खुर्चीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.