काकूंचा भोपाळचा पत्ता

पत्नी वनमालाबाई वारल्यानंतर रघुनाथराव पहिल्यांदाच दाना ओलीच्या गल्लीत आले, तेव्हा महिपतरावांच्या घरी सामान बांधणं चाललं होतं. नवं राज्य झालं, राजधानी इथून भोपाळला गेली, आणि सचिवालयातले कारकून महिपतराव यांचीही तिकडे बदली झाली होती.

रघुनाथराव कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. स्वतःतच हरवून राहणारी मुलं चारचौघांत कशी वावरतील, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. परदेशी लेखांत याला ऑटिझम म्हणत. पण घराघरांत जाऊन मुलांपाशी बसायचं काम त्यांच्या बायकोचं. महिपतरावांची मुलगी शामला अनोळखी माणसाशी शब्द बोलत नसे. वनमालाबाई तिला रोज भाजीवालीकडे नेत, स्वतः मागं थांबत आणि भाजी तिलाच मागायला लावत.

"प्रोफेसरसाहेब, कमाल झालीय," शामलाची आई शालिनीताई चहा देत म्हणाल्या. "पोरगी गल्लीभर सगळ्यांशी बोलते. टांगेवाल्याशीसुद्धा."

"काय बोलते?"

शालिनीताईंनी मान खाली घातली. "वनमालाताई कुठे राहतात, विचारते. आम्ही सांगितलं, भोपाळला गेल्या. इथून सगळेच चाललेत ना. पोरगी घर सोडायला तयारच नव्हती हो. आता पेटी भरून बसलीय. तुम्ही काही बोलू नका. एकदा गाडीत बसू द्या."

शामला आपणहून लोकांशी बोलावी, म्हणूनच ते आणि वनमालाबाई इतकी वर्षं झटले होते. रघुनाथरावांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात शामला दारात आली. त्यांच्याकडे न बघता तिनं विचारलं, "काकूंचा भोपाळचा पत्ता काय?"

कुठलाही पत्ता सांगून सुटता आलं असतं. पण मग ही पोर तिथं दारोदार विचारत फिरली असती. आजवर लोकच समाचाराला येत. स्वतःच्या तोंडानं बायको गेल्याचं कुणाला सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"काकू भोपाळला नाहीत, शामला. काकू मेल्या. मीच अग्नी दिला."

"परत नाही येणार?"

"नाही."

शामला आत गेली आणि पेटीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला टांगू लागली.

"आता हिला कशी नेऊ?" शालिनीताई म्हणाल्या. "रिसर्च तुमचा, साहेब. पोरगी आमची."

निघायच्या दिवशी रघुनाथराव स्टेशनवर गेले. महिपतरावांनी मुलीला धरून डब्यात चढवलं. ती खिडकीकडे पाठ करून बसली.

"त्या दिवसापासून कुणाला काही विचारत नाही," शालिनीताई खिडकीतून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता, हेच रघुनाथरावांना सोसवेना.