वात की वाट

मामाचं अक्षर म्हणजे मुंग्यांना शाई पाजून कागदावर सोडल्यासारखं. आजोळचं कोण कधी गेलं, कशानं गेलं, हे तो एका वहीत लिहून ठेवायचा. परवा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आईकडे कोणाला काय होतं?" म्हणून वही मागवली. ती घेऊन मामा स्वतःच आला. डोळे अधू, स्वभाव तिरका. "लिहिलंय की सगळं. वाचा," म्हणाला आणि चहा पीत बसला.

आई आणि मी भिंग घेऊन बसलो. एक चुलत पणजोबा 'भाजून' गेले की 'माजून', ते कळेना. घराणं पाहता दोन्ही शक्य होतं.

मग आजोबांची ओळ आली. कारण म्हणून एकच शब्द.

"वाट," आई म्हणाली.

"वात आहे गं. वाट बघून गेले, असं कोणी लिहितं का?"

आईनं भिंग उचललं नाही. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा आजोबांनी तिचं नाव टाकलं होतं. त्यांची-तिची पुन्हा भेट झालीच नाही. त्यांनी एकदा तरी आपली आठवण काढली असेल का, एवढंच तिला हवं होतं, या वयातही. आणि मी शुद्धलेखन तपासत होते.

तरी खोटं कसं सांगणार? वरच्या ओळीतल्या 'पोटदुखी'तला ट पोटभर जेवलेला दिसत होता. हा सरळसोट त होता.

"वातच तो," मामा म्हणाला. "ताप डोक्यात गेला. दोन रात्री बरळत होते."

"काय बरळत होते?" आईनं विचारलं.

"अगं, वातातलं बोलणं. त्याला काय अर्थ?"

"काय म्हणत होते, दादा?"

मामानं रिकामा कप बशीत फिरवला. "दाराला कडी घालू नका, म्हणायचे. सारखं तेच. आम्ही आपली घालत होतो, रोजच्यासारखी."

आईनं त्या शब्दावर बोट ठेवलं. "मी आले होते रे एकदा. हिला कडेवर घेऊन. दाराला आतून कडी होती. वाटलं, माझ्यासाठीच घातलीय. तशीच मागे फिरले."

मामा वहीकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं.

"वाजवायचीस गं," तो म्हणाला. "वाजवायचीस."