पान फाडायचं नाही

गेल्या वर्षीच्या मुलाखतीची वीस मिनिटं संपली तेव्हा रिम्मा साव्वात्येव्ना कुरोप्तेवा स्वतःच्या कहाणीत अजून शाळेतच होती. इंग्रजीत पाठ केलेलं 'माझ्याविषयी' सुरुवातीला झकास चाललं होतं. नाव, गाव, आईवडील, शाळा. मग पडद्यावरच्या नॉर्वेजियन बाईंनी मध्येच काहीतरी विचारलं. रिम्माने उत्तर दिलं, पण पुढचा धागा कुठून धरायचा ते न उमजून पुन्हा नावापासून सुरुवात केली. असं चार वेळा झालं. ज्या बर्फासाठी मुलाखत होती त्या बर्फापर्यंत गाडी पोचलीच नाही.

रशियातल्या उत्तर द्विना नदीवरच्या जलमापन चौकीत ती सत्तावीस वर्षं काम करत होती. नॉर्वेतल्या एका सरोवरावर दर हिवाळ्यात दहा देशांची माणसं दहा आठवडे एकत्र बर्फ मोजत. तिला तिथे जायचं होतं ते फिरायला नव्हे. एकच बर्फ दहा जणांनी आपापल्या पद्धतीने मोजला तर मापात किती फरक पडतो, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. सत्तावीस वर्षं तिचं माप ताडून बघायला जवळपास दुसरं कुणी नव्हतंच. पण अर्ज पन्नाशीच्या आतल्यांनाच करता येई, आणि येत्या एप्रिलात तिला पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे या डिसेंबरातली मुलाखत शेवटची.

म्हणून सप्टेंबरपासून दर मंगळवारी आणि गुरुवारी ती बसने शहरातल्या वाचनालयात जाई. तिथे मोठ्या माणसांचा मध्यम पातळीचा इंग्रजी वर्ग भरे. शिक्षिका आग्निया देनीसोव्ना सव्वीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत धाकटी, पण तिला नुसत्या नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

रिम्मा अभ्यासात कुणाला हार जाणारी नव्हे. शब्दांच्या चिठ्ठ्या तिने चहाच्या तीन डब्यांत ठेवल्या होत्या: पक्के, डळमळीत आणि अनोळखी. दर रविवारी कुठल्या डब्यातून किती चिठ्ठ्या कुठे सरकल्या ते ती वहीत टिपे. गाळलेल्या जागा भरण्यात तिची चाळीसपैकी अडतीस उत्तरं बरोबर येत, आणि उरलेली दोन का चुकली तेही ती सांगू शके. तोंड उघडलं की मात्र ये रे माझ्या मागल्या.

"तुमच्या कामाविषयी सांगा," डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आग्निया तिला इंग्रजीत म्हणाली. मुलाखतीची रंगीत तालीम चालली होती.

"माझं नाव रिम्मा कुरोप्तेवा. माझा जन्म..."

"जन्म राहू द्या. बर्फ किती जाड झालाय सध्या?"

"तेहतीस सेंटिमीटर." रिम्माने छताकडे पाहिलं. "माझं नाव रिम्मा कुरोप्तेवा. माझा जन्म..."

मागच्या बाकावरून दातांचे डॉक्टर एदुआर्द ल्वोविच कुजबुजले, "...एका लहानशा गावात!" शेजारी अडला की उत्तर पुरवायचं, ही त्यांची शाळेपासूनची माणुसकी.

"एदुआर्द ल्वोविच, आपला जन्म कुठे झाला ते त्यांना ठाऊक आहे," आग्निया रशियनमध्ये म्हणाली. वर्ग हसला. मग ती रिम्माकडे वळली. "हे पहिल्यापासून म्हणायचं तुम्हाला शिकवलं तरी कुणी?"

"क्लावदिया याकोव्लेव्नांनी. पाचवी ते दहावी. 'माझं कुटुंब', 'माझं शहर', 'माझा दिवस'. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. झोपेतून उठवलंत तरी घडाघडा म्हणून दाखवेन."

"त्यात शंकाच नाही. फक्त मधूनच उठवायचं नाही."

रिम्मालाही हसू आलं. "मग काय करू म्हणता?"

"पुढचं माप कधी घेणार?"

"दहा तारखेला. पाच-पाच दिवसांनी घेतो आम्ही."

"मी येते. तुम्ही जे जे कराल ते इंग्रजीत बोलत करा. मी मध्ये मध्ये नाक खुपसत राहीन."

दहा तारखेला उणे बावीस होतं. आग्निया शहरी बूट घालून आली. चौकीवरच्या मित्रिचने तिच्या पायांकडे पाहिलं आणि आपले जुने नमद्याचे, जाड लोकरीचे बूट तिच्यापुढे ठेवले. मित्रिच पूर्वी होडी चालवायचा, आता चौकीवर पडेल ते काम करायचा, आणि रिम्माला ती नोकरीला लागली त्या दिवसापासून पोरच समजायचा.

"बाईसाहेब, माझं ऐका," तो गिरमिट खांद्यावर टाकत म्हणाला. "हिला नदीत ढकला आणि वाचवा म्हणून इंग्रजीत ओरडायला लावा. एका मिनिटात येईल बघा भाषा."

"गप रे. भोक पाड आधी," रिम्मा म्हणाली.

मित्रिचने बर्फात भोक पाडलं. रिम्माने आकडी आत सोडली. लांब काठी, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा आणि टोकाला आडवा वळवलेला लोखंडी दात. हा दात बर्फाच्या खालच्या बाजूला अडकला की काठीवर जाडी वाचायची. हे सगळं ती इंग्रजीत सांगत होती आणि आग्निया सारखी तोडत होती. काठी कशाची? दात वाकला तर? थंडी नाही वाजत? दोनदा रिम्माने सांगणं पुन्हा गिरमिटापासून सुरू केलं.

"सदतीस," म्हणत तिने मापाच्या वहीत पेन्सिलीने लिहिलं. शाई इथे गोठते. मग ती थबकली. "पाच दिवसांत चार? एवढा कसा वाढेल?" तिने काठी फिरवली, हलवली, पुन्हा वर ओढली. "पस्तीस." सदतीसवर तिने एक आडवी रेघ मारली आणि वरच्या जागेत पस्तीस लिहिलं.

"खोडरबर देऊ?" आग्नियाने विचारलं.

"खोडरबराला बंदी आहे इथे. एकच रेघ मारायची, चुकलेलंही वाचता आलं पाहिजे. वर बरोबर माप लिहायचं आणि पुढे जायचं."

"आणि पान फाडून पहिल्यापासून नीट लिहिलं तर?"

"पान फाडणाऱ्याला आम्ही भोकातून खाली सोडतो," मित्रिच म्हणाला.

"एक पान फाडलं की बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवेल?" रिम्मा म्हणाली. तिच्या आवाजात जराशी चीड होती. एवढी साधी गोष्ट सांगावी लागते म्हणून.

आग्निया पापण्यांवरचा बर्फ पुसत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बोलताना मात्र रोज फाडता."

रिम्माने सदतीसवरच्या रेघेकडे पाहिलं. वही कोटाच्या आतल्या खिशात सरकवून ती दुसऱ्या भोकाकडे चालू लागली. तिथलं सगळं तिने इंग्रजीत सांगितलं. आग्नियाने सात वेळा तोडलं, पण गिरमिटापासून पुन्हा सुरुवात झाली नाही.

मुलाखत चौदा तारखेला, दुपारी. चौकीतल्या टेबलावरून तिने सगळं उचललं. पाठ केलेले कागदही. मापाची वही, पेन्सिल आणि एक कोरा कागद एवढंच ठेवलं.

"ना पीस, ना पंख!" मित्रिच दारातून म्हणाला. मोठ्या कामाला निघालेल्याला तिकडे अशाच उलट्या शुभेच्छा देतात.

"मसणात जा!" रिम्माने रीतीप्रमाणे उत्तर दिलं, आणि तो समाधानाने गेला.

पडद्यावर गेल्या वर्षीच्याच पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, टोरुन. रिम्माचं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमची नदी यंदा केव्हा गोठली?"

"सोळा नोव्हेंबरला." आणि उचकीसारखं ते वर आलंच: "माझं ना..."

तिने कोऱ्या कागदावर एक रेघ मारली.

"चुकलं. खोडलं," ती इंग्रजीत म्हणाली. "पुढे सांगते. सोळा तारखेला गोठली, पण एकोणीसपर्यंत मी तिच्यावर पाऊल ठेवलं नाही."

टोरुनबाईंनी मान वर केली. "बरं. तुमचं एखादं चुकलेलं माप सांगाल?"

पाठ केलेल्या 'माझ्याविषयी'त एकही चूक नव्हती. तशा निबंधात कुणी चुकतच नाही. रिम्माने वही उघडून दहा तारखेचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

"हे सदतीस खोटं आहे. बर्फाच्या खाली दुसरा बर्फ असतो. कडक नाही. तो..." शब्द नव्हता. तीनही डब्यांत नव्हता. तिने आणखी एक रेघ मारली. "रव्याची खीर चुलीवर ठेवून बाई टेलिफोनवर बोलायला गेली, की खीर जशी होते, तसा. आकडीचा दात त्याच्यात अडकला. मला वाटलं, हाच बर्फ."

टोरुनबाई खो खो हसल्या. "अगदी तसाच! आमच्याकडेही हाच त्रास आहे. आम्ही म्हणून काठी तीनदा फिरवतो."

"तीनदा का? दोनदा का नाही?"

विचारून झाल्यावर रिम्माच्या ध्यानात आलं, की ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही असा प्रश्न इंग्रजीत तिने जन्मात पहिल्यांदा विचारला होता. वर्गातल्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असत.

"का बरं..." टोरुनबाई विचारात पडल्या. "कुणी मोजून पाहिलंच नाही."

"मी मोजते," रिम्मा म्हणाली. "मला वीस भोकं आणि चार दिवस द्या."

वीस मिनिटांची मुलाखत पस्तीस मिनिटं चालली. संध्याकाळी आग्नियाचा फोन आला तेव्हा रिम्माने आधी कागदावरच्या रेघा मोजल्या.

"अकरा चुका. पहिल्यापासून सुरुवात फक्त अर्धी."

"अर्धी?"

"'माझं ना' एवढंच. 'व' आलाच नाही."

नववर्षाच्या आदल्या आठवड्यात पत्र आलं. एक फेब्रुवारीला हजर व्हा, गरम कपडे इथे मिळतील, आकडी मात्र स्वतःची आणा. मित्रिचने ते दोनदा वाचायला लावलं. मग रिम्माने मापाची वही आणि टोकदार केलेल्या सहा पेन्सिली त्याच्यापुढे ठेवल्या. दहा आठवडे नोंदी त्याच्याकडे.

"आणि माझ्याकडून चुकलं तर?" त्याने विचारलं.

"चुकेलच. एक रेघ मार आणि पुढे जा."

"ते समजलं. पण परत आलीस की मला सगळं पहिल्यापासून सांगायचं हं."

"मधूनच सांगेन," रिम्मा म्हणाली आणि आकडीचा दात फडक्याने पुसू लागली.