एकही खुर्ची नसलेलं थिएटर

नकाशा कचेरीत तिला सगळे पुरावाताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, उलट थोडा माजच होता. मोकळ्या मैदानात आपापल्या गाडीत बसून सिनेमा बघायची जुनी ड्राइव्ह-इन थिएटरं शहरात कुठे कुठे होती, ते शोधून एक नकाशा छापायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. दोन पुरावे मिळाल्याशिवाय नकाशावर टिंब द्यायचं नाही, हा नियमही तिचाच. वर्षभर खपून तिने तीन थिएटरं शोधली. चौथ्याबद्दल एकच माणूस बोलत होता, आणि तो माणूस म्हणजे तिचा बाप.

आप्पा तिथे अकरा वर्षं स्पीकर मेकॅनिक होते. गाडीच्या काचेला अडकवायचे ते लोखंडी स्पीकर रोज सकाळी तपासायचे, खरखरणारे उघडायचे, हा त्यांचा धंदा. पण थिएटर कुठे होतं म्हणून विचारलं, की ते म्हणत, "टेकडी डावीकडे ठेवायची आणि सरळ जायचं." टेकडी केव्हाच इमारतींच्या पोटात गेली होती. थिएटरच्या परवान्यांचं रजिस्टर तिने तीनदा चाळलं होतं. नाव नाही, गाव नाही.

सहा महिन्यांपूर्वी जेवता जेवता ती म्हणाली होती, "आप्पा, काही पुरावा असेल तर दाखवा."

"मी आहे की."

"तुम्ही पुरावा नाही हो आप्पा, तुम्ही आठवण आहात."

आप्पांनी ताटातला घास संपवला, हात धुतले आणि त्या दिवसापासून थिएटरचा विषय काढला नाही. एरवी ते सिनेमाच्या गोष्टी सांगून पाहुण्यांना जेरीस आणायचे. ते गप्प झाल्यावर घर चांगलंच शांत झालं. तिला ती शांतता टोचायची, पण नियम म्हणजे नियम. स्वतःच्या बापासाठी वाकवला, तर उद्या कचेरीत कोणाला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

शुक्रवारी दुपारी नकाशा छपाईला जायचा होता. गुरुवारी सकाळी ती तिन्ही थिएटरांची माहिती शेवटची तपासत बसली होती. पहिलं: आसनसंख्या साठ. दुसरं: चाळीस. तिसरं: ऐंशी. गाडी नसलेल्यांसाठी पडद्यासमोर बाकं टाकलेली असत, हे तिला ठाऊक होतं. तिने पान उलटलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

तिन्हींना बाकं होती. आणि आप्पांचं पेटंट वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती: "आमचं थिएटर खानदानी. एकही खुर्ची नाही!"

ती इतक्या झटक्याने उठली, की तिची स्वतःची खुर्ची मागे कलंडली. ती उचलायलाही न थांबता ती जिना उतरून तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये शिरली. तिथे गठ्ठ्यांच्या राज्यावर मामा बसत. तीस वर्षं नोकरी, आणि धुळीशी घरोबा.

"मामा, पूर्वी थिएटरच्या अर्जात आसनसंख्या शून्य असली तर?"

"शून्य?" मामांनी चष्मा कपाळावर ढकलला. "खुर्च्याच नाहीत तर थिएटर कसलं ताई? रकाना कोरा राहिला की अर्ज परत."

"पण तिथे गाड्या उभ्या राहतात. तीनशे गाड्या."

"मग असं सांगा ना. गाड्या उभ्या राहतात म्हणजे वाहनतळ. कोणीतरी तिकडे ढकलला असेल."

वाहनतळाची रजिस्टरं सर्वांत खालच्या फळीवर होती. या वर्षभरात ती शंभर वेळा त्यांच्यावर पाय देऊन वरच्या फळीपर्यंत पोचली असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. दोघं जमिनीवर फतकल मारून बसली. चौथ्या रजिस्टरात, किड्यांनी कडा खाल्लेल्या पानावर, मामांचं बोट थांबलं.

"वाहनसंख्या तीनशे बारा. प्रयोजन: चित्रपट पाहणे." मामा मोठ्याने वाचू लागले. "शेरा: खुर्च्या नाहीत. विचारले असता 'लागत नाहीत' असे उत्तर मिळाले."

पुरावाताई ओरडली. रेकॉर्डरूममध्ये ओरडायचं नसतं हा नियम तिला पाठ होता, तरी ओरडली. मामाही ओरडले, आणि मग खोकत बसले.

नोंदीत जमिनीचा सर्व्हे नंबर होता. आता जुनं हवाई छायाचित्र काढायला पाच मिनिटं पुरली. भिंगाखाली ती खूण लख्ख दिसली: अर्ध्या कापलेल्या कांद्यासारख्या, एकात एक बसलेल्या कमानी. प्रत्येक कमान म्हणजे मातीचा लांबलचक उंचवटा. गाडीची पुढची चाकं त्यावर चढवायची, म्हणजे नाक वर होऊन पडदा नीट दिसायचा. ती आनंदाने कमानी मोजू लागली.

बारा भरल्या.

आप्पा नेहमी तेरा रांगा सांगत. तिने पुन्हा मोजल्या, मामांकडून मोजवून घेतल्या. बाराच. थिएटर तर सापडलं होतं, पण आप्पांच्या आठवणीत एक रांग जास्त होती, आणि हे त्यांना सांगायचं तिच्या जिवावर आलं.

शुक्रवारी सकाळी तिने त्यांना गाडीत घातलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही. मुलगी डॉक्टरकडे नेते आहे असं धरून आप्पा तोंड पाडून बसले होते. त्या जागी आता रोपवाटिका होती. मालकीणबाईंनी फाटक उघडलं आणि गाडी कुंड्यांमधल्या कच्च्या वाटेवरून आत निघाली.

गाडीचं नाक वर गेलं आणि खाली आलं. थोड्या वेळाने पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळेला आप्पांनी समोरचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "चार. चालव बाळा, चालव! पाच!"

त्यांचा आवाज चढत गेला. बारावा उंचवटा उतरून गाडी सपाट जमिनीवर आली आणि तिने ब्रेक लावला.

"बारा झाल्या आप्पा," ती हळूच म्हणाली. "फोटोतही बाराच आहेत."

"फोटोला काय कळतंय!" आप्पा दार उघडून उतरलेसुद्धा. "तेरावी ही, जिथे तू गाडी उभी केलीस. ट्रकवाल्यांची रांग. ट्रक आधीच उंच, त्याला उंचवटा कशाला? सपाटच ठेवली होती."

"अहो, तरीच!" मालकीणबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "या पट्ट्यात खणायला घेतलं की दर दहा पावलांवर पाइप लागतो. दोन कुदळी मोडल्या माझ्या. कुणी मेल्याने पुरून ठेवलेत म्हणून शिव्या घालते मी."

"तो मेला मीच," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका फुलला, की मालकीणबाईंना हसू आवरेना.

बाईंनी फावड्याने माती सारली. वीतभर खाली स्पीकरच्या खांबाचं, म्हणजे गंजलेल्या पाइपाचं, बूड होतं. आप्पांनी तिथून दहा पावलं मोजली आणि चपलेने जमिनीवर फुली काढली. खणलं. पाइप. आणखी दहा पावलं, पुन्हा पाइप. एकेका खांबाला दोन स्पीकर असत, आणि कोणता किती वेळा बिघडला तेही ते सांगू लागले. सहा महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर पडत होतं, आणि ती मातीत उकिडवी बसून ते सगळं टिपून घेत होती.

दुपार व्हायला आली होती. तिने गाडीच्या बॉनेटवर नकाशाचा तक्ता पसरला, चौथं टिंब दिलं आणि पुराव्यांच्या रकान्यात लिहिलं: एक, माझे वडील, स्पीकर मेकॅनिक. दोन, वाहनतळ रजिस्टर. तीन, हवाई छायाचित्र.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. मग त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"आधी कागद लिही ग. लोक हसतील तुला."

"हसू देत," ती म्हणाली. "कागदाला बाराच रांगा मोजता आल्या."